विजेची मोटार आणि नकाराचा अधिकार

विजेवर चालणाऱ्या वाहनांची चर्चा आजवर प्रामुख्याने तीन प्रश्नांभोवती फिरत आली आहे : बॅटरीची किंमत किती, सरकार अनुदान किती देणार आणि एकदा चार्ज केलेली गाडी किती किलोमीटर जाणार. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कारखानदार, अर्थखाते आणि प्रयोगशाळा यांच्याकडून यावयाची असल्याने त्यांवर परिषदा भरतात आणि मंत्र्यांची भाषणे होतात. चौथा प्रश्न इतका क्षुल्लक दिसतो की त्याकडे सहसा कोणाचे लक्षच जात नाही. रात्री ही गाडी जिथे उभी राहते, तिथल्या भिंतीवर चार्जरची पेटी बसवण्याची परवानगी कोणी द्यावयाची, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती नाकारण्याचा अधिकार कोणाला असावा, हा तो प्रश्न. हजारो कोटींच्या योजना याच पेटीपाशी येऊन थबकू शकतात.

पेट्रोलची गोष्ट सरळ होती. ते घरोघरी साठवू देणे धोक्याचे, म्हणून १९३४ चा पेट्रोलियम कायदा झाला. पंप उभारावयाचा तर जिल्हा प्रशासनाचा ना हरकत दाखला हवा, स्फोटक पदार्थांविषयीच्या खात्याचा परवाना हवा, रस्त्यापासून ठरावीक अंतर हवे. ही सारी उठाठेव समजण्यासारखी आहे, कारण पंप ही मोजकी, मोठी आणि जोखमीची जागा असते. चार्जरची प्रकृती याच्या नेमकी उलट आहे. तो लहान असतो आणि त्याची संख्या फार मोठी असावी लागते. गाडी आयुष्यातला बहुतेक काळ उभीच असते, आणि ती उभी असतानाच तिला वीज मिळावी, हे या व्यवस्थेचे सगळे मर्म आहे. अशा वस्तूला पंपाचे नियम लावणे म्हणजे घरच्या शेगडीला कारखान्याच्या धुराड्याचा परवाना मागण्यासारखे आहे.

त्यातच ‘चार्जर’ या एका शब्दाखाली दोन अगदी निराळ्या वस्तू वावरतात. घरचा साधा चार्जर ३.३ किलोवॉटचा असतो. एक गीझर आणि एक इस्त्री एकाच वेळी चालू ठेवली, तर जेवढी वीज लागते साधारण तेवढीच तो घेतो. त्याहून थोर भावंड ७.४ किलोवॉटचे. हमरस्त्यावरचे जलद चार्जर मात्र पन्नास किलोवॉट आणि त्याहूनही कितीतरी मोठे असतात. त्यांना स्वतंत्र जोडणी लागते, पुष्कळदा स्वतंत्र रोहित्रही लागते, आणि त्यांच्या बाबतीत जागेची, रस्त्याची व रहदारीची चौकशी करणे सर्वस्वी योग्य आहे. जी नियमावली या दोन वस्तूंत भेद करीत नाही ती एक तर लहानाला छळते, नाही तर मोठ्याला मोकाट सोडते.

या गोंधळातून वाट काढण्याचा एक बोधप्रद प्रयत्न कॅलिफोर्नियात झाला. अमेरिकेत बांधकामाची परवानगी आणि जमिनीच्या वापराचे नियम हा मुख्यतः शहरांचा व कौंट्यांचा प्रांत आहे. कॅलिफोर्नियात अशी पाचशेहून अधिक स्थानिक सरकारे आहेत, आणि प्रत्येकाचा अर्ज, शुल्क आणि शंका वेगळ्या. एका गावात एका पानावर होणारे काम शेजारच्या गावात नकाशे, समित्या आणि सुनावण्या यांत महिनोन्‌महिने अडकू शके. २०१५ साली त्या राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून यात हस्तक्षेप केला. दोन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांनी व कौंट्यांनी ३० सप्टेंबर २०१६ पर्यंत, आणि त्याहून लहान वस्तीच्या ठिकाणांनी त्यानंतर वर्षभरात, चार्जरच्या अर्जांसाठी सुटसुटीत पद्धत ठरवून देणारा स्थानिक नियम करावा, असे त्यात सांगितले होते. अर्जदाराने कोणती कागदपत्रे द्यावयाची याची यादी आधीच जाहीर करावी, आणि यादी पुरी झाली की अधिकाऱ्याने परवानगी द्यावी. पेटी सुंदर दिसते की नाही, शेजाऱ्यांना ती आवडते की नाही, असले विचार या कायद्याने छाननीतून बाद केले. तपासावयाचे ते फक्त आरोग्य आणि सुरक्षितता. नकार द्यावयाचा असेल तर सार्वजनिक आरोग्याला किंवा सुरक्षिततेला नेमका कोणता अपाय होणार आहे, तो टाळण्याचा व्यवहार्य उपाय का नाही, हे पुराव्यासह लेखी नोंदवावे लागते. रहिवाशांच्या संघाची संमती आणा, अशी अटही नगरपालिकेला घालता येत नाही. संघाचे आणि सदस्याचे जे काही असेल ते त्यांनी आपापसांत पाहावे. नगरपालिकेने त्याच्या आड लपू नये, असा त्याचा अर्थ.

कायदा झाला; पण पुष्कळ शहरांनी तो जणू ऐकलाच नाही. मुदत उलटून गेली तरी नियम न करणारी गावे होतीच. राज्यपालांच्या अखत्यारीतील उद्योगविषयक कार्यालयाने अखेर राज्याचा नकाशाच प्रसिद्ध केला. ज्यांनी कायदा पाळला ती गावे हिरवी, अर्धवट पाळला ती पिवळी आणि बाकीची तांबडी. शाळेतल्या प्रगतिपुस्तकाचा हा प्रयोग प्रौढ नगरपालिकांवर करावा लागला, यातच सारे आले. तेवढ्यानेही भागले नाही, म्हणून २०२१ साली दुसरा कायदा करण्यात आला, आणि याच कायद्याने खरी मेख मारली. त्याने दिवस मोजून दिले. एका जागी पंचवीसपर्यंत चार्जरचा अर्ज असेल तर कामकाजाच्या पाच दिवसांत त्यातील उणिवा कळवा. न कळवल्यास तो अर्ज पूर्ण समजला जाईल. त्यानंतर कामकाजाच्या वीस दिवसांत परवानगी किंवा सकारण नकार द्या. न दिल्यास परवानगी मिळाली असे समजले जाईल. पंचवीसहून अधिक चार्जर असतील तर हीच मुदत दहा आणि चाळीस दिवसांची. म्हणजे मौनाचा अर्थच या कायद्याने उलटा केला. सरकारी कचेरीतील मौन हे सर्वत्र नकाराचे सर्वांत स्वस्त रूप असते. त्याला सही लागत नाही, कारण लागत नाही, आणि त्याविरुद्ध अपील करावे तर कशाविरुद्ध, हेही अर्जदाराला कळत नाही.

याच कायद्यात आणखी एक छोटे कलम आहे, आणि भूवापराच्या नियमांचे सगळे इंगित त्यात साठवलेले आहे. अमुक चौरस फुटांच्या दुकानाला अमुक इतक्या गाड्यांची जागा हवी, असा अमेरिकन शहरांचा जुना नियम. चार्जर बसवावयाचा तर त्याच्या यंत्रसामग्रीला एखाद-दुसऱ्या गाडीची जागा द्यावी लागते. मग नगरपालिकेचा अधिकारी फुटपट्टी घेऊन म्हणणार, तुमच्याकडे आता एक जागा कमी पडली, सबब परवानगी नाही. अधिकारी दुष्ट नसतो. पुस्तकात जे लिहिले आहे तेच तो वाचतो. म्हणून विधिमंडळाने सांगितले की, चार्जरमुळे जेवढ्या जागा कमी होतील तेवढ्याने आवश्यक जागांची संख्याच कमी धरावी.

न्यू जर्सीने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने हाताळला. भूवापर विभागांचे शास्त्र प्रत्येक जमिनीला एकच प्रश्न विचारते : इथे काय चालते? निवासी विभागात वीज विकणारे यंत्र दिसले की ते ‘व्यापार’ ठरू शकते, आणि व्यापार म्हटला की निवासी विभागातून तो हद्दपार. न्यू जर्सीच्या २०२१ च्या कायद्याने चार्जर हा मूळ वापराला जोडून येणारा दुय्यम वापर आहे असे ठरवून सर्व विभागांत त्याला मुभा दिली. त्यासाठी नियमातून खास सवलत मागण्याची गरज ठेवली नाही. वाहनतळाच्या हिशेबात तर चार्जर असलेली एक जागा किमान दोन जागांएवढी धरण्यात आली. मात्र एकूण जागांत अशी घट दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा लगामही लावला. वॉशिंग्टन राज्याने याच दिशेने २००९ मध्ये, म्हणजे रस्त्यावर विजेच्या मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असताना, पाऊल टाकले होते.

नगरपालिकेचा अडथळा दूर झाला तरी सामाईक इमारतीत राहणाऱ्याला दुसरा दरवाजा असतोच, आणि तो बहुधा अधिक जाड असतो. शेजाऱ्यांच्या समितीला ना निवडणुकीची धास्ती, ना माहितीच्या अधिकाराची सवय. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेत यावर उपाय आहे. सदस्याचा अर्ज मुद्दाम लांबवता येणार नाही, उत्तर लेखी द्यावे लागेल, आणि साठ दिवसांत लेखी नकार न आल्यास संमती गृहीत धरली जाईल. त्याबरोबर सदस्यावरही बोजा टाकला आहे : परवानाधारक ठेकेदाराकडून काम करून घ्यावे, खर्च व वीजबिल स्वतः भरावे, विमा उतरवावा. युरोपातील काही देश याहून पुढे गेले. स्पेनमध्ये २००९ पासून सदस्याने स्वतःच्या वाहनतळाच्या जागेत चार्जर बसवावयाचा असेल तर संघाला आधी कळवणे तेवढे पुरे. संमती मागावी लागत नाही. फ्रान्समध्ये २०१० च्या कायद्याने संघाला विरोध करावयाचाच असेल तर संघानेच न्यायालयात जावे अशी रचना केली. कोर्टाची पायरी चढण्याची पाळी मागणाऱ्यावर न आणता नाकारणाऱ्यावर आणण्यात केवढा फरक आहे, हे ज्याने कधी कोर्टकचेरी केली असेल त्याला सांगावयास नको. जर्मनीने १ डिसेंबर २०२० पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने आणखी नेमकी विभागणी केली. चार्जर हवा की नको हे सदस्य ठरवणार. तो कसा बसवावयाचा हे सभा ठरवणार. सभेला तारा कोणत्या मार्गाने न्याव्यात हे सांगता येते, तारा नकोतच असे सांगता येत नाही.

भारतात या विषयाची सुरुवात चांगली झाली, हे मान्य केले पाहिजे. २००३ च्या वीज कायद्यानुसार विजेच्या वितरणाला आणि व्यापाराला परवाना लागतो. चार्जरमधून वीज देणे ही विक्री मानली असती तर रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्यालाही वीज कंपनी होण्याचा परवाना काढावा लागला असता. १३ एप्रिल २०१८ रोजी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केले की, बॅटरी चार्ज करून देणे ही सेवा आहे आणि तिला असा परवाना नको. त्या एका खुलाशाने फार मोठी धोंड दूर झाली. पुढे जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, वाहनधारक आपल्या घरच्या वा कचेरीच्या चालू जोडणीवरच गाडी चार्ज करू शकतो, हेही लिहिले गेले. नगरनियोजनाच्या बाजूने केंद्राने २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती सुचवली : नव्या इमारतीतील वाहनतळाच्या क्षमतेपैकी वीस टक्के भाग चार्जिंगसाठी सज्ज असावा आणि इमारतीचा वीजभार ठरवताना त्याचा हिशेब धरावा.

पण ‘आदर्श’ उपविधी हे नावाप्रमाणे आदर्शच असतात. जमीन आणि नगररचना हे राज्यांचे विषय. केंद्राने सुचवावे, राज्याने स्वीकारावे आणि नियोजन प्राधिकरणाने अमलात आणावे, अशी ती तीन मजली वाट आहे. महाराष्ट्रात बहुतेक शहरांना २०२० ची एकीकृत नियमावली लागू आहे, मुंबईची स्वतःची निराळी आहे. राज्याच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणानेही नव्या निवासी इमारतींसाठी वीस टक्क्यांचेच प्रमाण धरले. या सर्व तरतुदींत एक शब्द पुनःपुन्हा येतो, तो म्हणजे ‘नव्या’. ज्या इमारतीचा नकाशा अजून मंजूर व्हावयाचा आहे तिला चार्जरसाठी नळ्या आणि तारा घालावयास सांगणे सोपे आहे. मात्र शहरातील शिक्षक, कारकून, बँकेतील नोकर आणि निवृत्त माणूस राहतो तो १९७० ते २००० या काळात उभ्या राहिलेल्या सोसायट्यांत. तिथे खांबांखाली किंवा अंगणात गाड्या लागतात, मीटरची खोली जिन्याखाली कोंदटलेली असते, आणि मंजूर वीजभार ठरला तेव्हा वातानुकूलन यंत्रसुद्धा श्रीमंती समजली जात होती.

अशा इमारतीच्या समितीने कपाळाला आठ्या घातल्या तर तिला सरसकट मागासलेली म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्या काही शंका खऱ्या आहेत. चाळीस घरांच्या सोसायटीत दहा जणांनी ७.४ किलोवॉटचे चार्जर बसवले आणि ते रात्री दहा वाजता एकदम सुरू झाले, तर एकट्या चार्जरांचा भार ७४ किलोवॉट होतो. जुनी केबल त्याने तापेल, हे उघड आहे. तथापि याचे उत्तर नकारात नसून अंकगणितात आहे. कामासाठी दिवसाला चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या मोटारीला साधारणतः सहा युनिट वीज लागते, आणि ३.३ किलोवॉटच्या चार्जरवर ती सुमारे दोन तासांत भरून निघते. दहाही गाड्या त्यावर आणल्या तर एकत्र भार ३३ किलोवॉट. रात्रीच्या आठ तासांत पाळ्या लावल्या तर त्याहूनही कितीतरी कमी. भार आपोआप वाटून देणारी साधने बाजारात आहेत. समितीने मागावयाचा तो इमारतीच्या भाराचा हिशेब, योग्य अर्थिंग, गळती होताच वीज तोडणारे उपकरण आणि परवानाधारक ठेकेदाराचा दाखला. हे चार कागद आले की तिची जबाबदारी बव्हंशी पार पडते.

दुसरी शंका पैशाची. ज्याच्याकडे मोटारच नाही त्याने इतरांच्या चार्जरचा खर्च का सोसावा? हा प्रश्न न्याय्य आहे, आणि त्याला दडपून उत्तर देता येणार नाही. स्वतःच्या जागेतील चार्जर, त्याची तार आणि त्याचे बिल ज्याचे त्याने भरावे. सामाईक केबल वाढवावी लागली तर तो खर्च वापरणाऱ्यांत वाटावा आणि पुढे जो नवा येईल त्याने मागाहून आपला वाटा द्यावा. पहिल्याने केबल टाकायची आणि दुसऱ्याने फुकट जोडून घ्यायची, किंवा पहिल्या तिघांनी सगळा भार खाऊन टाकायचा आणि चौथ्याला नाही म्हणायचे, हे दोन्ही प्रकार भांडणाला आमंत्रण देणारे आहेत.

तिसरी शंका आगीची, आणि ती सर्वांत मोठ्या आवाजात मांडली जाते. येथे मात्र समित्यांचा तर्क पुष्कळदा उलटा चालतो. परवानगी नाकारल्याने गाडी चार्ज व्हायची थांबत नाही. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून लोंबणारी एक्स्टेन्शनची वायर पावसात भिजत खालपर्यंत येते, किंवा स्कूटरची बॅटरी उचलून घरात नेली जाते आणि निजायच्या खोलीतल्या जुन्या प्लगवर रात्रभर लावली जाते. देशातील विद्युत वाहनांत दुचाकी व तीनचाकी यांचेच प्रमाण मोठे आहे, आणि ज्या दुचाकींची बॅटरी काढता येते त्यांच्या मालकाला समितीच्या परवानगीची गरजच उरत नाही. धोका जिथे तपासता आला असता तिथून तो उचलून जिथे कोणी पाहणार नाही तिथे नेऊन ठेवण्याचे काम हा नकार करतो. सुरक्षिततेच्या नावाने दिलेला नकार सुरक्षिततेच्याच मुळावर येतो तो असा.

वीज कंपनीपुरते पाहिले तर कायद्याने अलीकडे बरीच शिस्त लावली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहकहक्कांच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीने वाहन चार्ज करण्यासाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा मार्ग ग्राहकाला खुला झाला, आणि नव्या जोडणीची मुदतही घटवण्यात आली : महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात आणि ग्रामीण भागात पंधरा. हे दिवस वितरण कंपनीसाठी आहेत. तिच्या अलीकडे उभ्या असलेल्या समितीला हे वीज नियम कोणतेही घड्याळ लावीत नाहीत. त्यामुळे एक विचित्र दृश्य दिसू शकते. कंपनी तीन दिवसांत मीटर आणून देण्यास बांधलेली, आणि मीटर बसवावयाची भिंत मात्र पुढच्या सर्वसाधारण सभेची वाट पाहत असलेली. दिल्ली सरकारने २०२१ मध्ये वितरण कंपन्यांमार्फत एकाच खिडकीवर अर्ज, चार्जर आणि जोडणी अशी सोय केली तेव्हा तिने निदान सरकारी बाजूच्या चकरा कमी केल्या. भिंतीचा मालक त्या खिडकीतही बसलेला नव्हता.

राज्याने आणि संस्थांनी करावयाचे ते या अनुभवांवरून पुरेसे स्पष्ट आहे. सहकार कायद्याच्या चौकटीत राहूनही संस्थेच्या उपविधीत चार वाक्ये घालता येतात. अर्जाचे उत्तर ठरलेल्या दिवसांत लेखी द्यावे. नकार केवळ सुरक्षिततेच्या आणि वीजभाराच्या कारणावर, तोही परवानाधारक तज्ज्ञाच्या अहवालासह असावा. मुदतीत उत्तर न आल्यास संमती समजावी. आणि सभेने ‘कसे’ ते ठरवावे. यांतील तिसऱ्या वाक्याला सर्वांत जास्त विरोध होईल. मौन म्हणजे संमती मानल्याने एखादा निष्काळजी माणूस वाटेल ते बसवील, असे म्हटले जाईल. परंतु संमती गृहीत धरली तरी वीज सुरक्षेचे नियम रद्द होत नाहीत. वितरण कंपनीची तपासणी आणि ठेकेदाराची जबाबदारी कायमच राहते. जाते ती फक्त अर्ज फाइलीत घालून विसरून जाण्याची सोय.

यात सर्वांत मागे राहणारा माणूस भाडेकरू आहे. त्याला समितीकडे अर्ज करण्यापूर्वी घरमालकाला विचारावे लागते, आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यासाठी भिंतीला भोक पाडू देण्यात घरमालकाला कसलेच स्वारस्य नसते. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये भाडेकरूच्या बाजूने स्वतंत्र कायदा केला. त्यातही खर्च भाडेकरूनेच सोसावयाचा आहे. बदलीच्या नोकरीवर दर तीन वर्षांनी गाव बदलणाऱ्या शिक्षकाला किंवा कारकुनाला अशा अधिकाराचा उपयोग बेताचाच. त्याच्यासाठी रस्त्याकडेचा, शाळेच्या आवारातला, कचेरीच्या वाहनतळातला साधा ३.३ किलोवॉटचा सामाईक चार्जर हाच मार्ग उरतो. कचेरीत गाडी आठ तास उभी असते आणि दिवसभराच्या धावेला दोन तास पुरतात, म्हणजे एका चार्जरवर दिवसात चार गाड्या सहज भागू शकतात. सरकारी कचेऱ्यांची आणि नगरपालिकेच्या शाळांची आवारे सरकारच्याच मालकीची आहेत. तिथे परवानगी देणारा आणि मागणारा एकच आहे.